नाक टोचायचंय? जरा थांब, आधी हे वाच!

खरं सांग हं! आरशासमोर उभं राहून नाकाच्या डाव्या बाजूला बारीकशी टिकली चिकटवून बघितलीस की नाही? मान थोडी तिरकी केली, हसून बघितलं, गंभीर होऊन बघितलं आणि कुणाची चाहूल लागताच ती टिकली झटकन कपाळावर! लाजू नकोस. तुझ्याआधी कितीतरी जणींनी हेच केलंय. मीसुद्धा.

पण टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवता येते. नाकाला पाडलेलं भोक तसं काढून ठेवता येत नाही. चमकी हा दागिना आहे, पण ती घालण्यासाठी आधी चेहऱ्याच्या मधोमध एक जखम करून घ्यावी लागते. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. मला ते फार उशिरा समजलं.

मी तेव्हा आठवीत होते. मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मला नथ घालायची हौस आली. लग्नाला उरले होते आठ दिवस. आईच्या मागे लागून लागून मी एका दुकानात जाऊन नाक टोचून घेतलं. टोचणाऱ्यानं खणातून तार काढली, शर्टाच्या बाहीला पुसली आणि दोन सेकंदांत काम झालं. रडले नाही म्हणून माझं कौतुकही झालं. लग्नाच्या दिवशी त्या दुखऱ्या नाकात मी मोत्यांची भरगच्च नथ अडकवली. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत नाकाचा टोमॅटो झाला होता! त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी चेहऱ्याची डावी बाजू लपवून उभी आहे. तिसऱ्या दिवशी ताप, मग डॉक्टर, मग औषधं. भोक बुजलं आणि त्या जागी एक खूण तेवढी राहिली. पुढे कॉलेजात गेल्यावर मी पुन्हा नाक टोचलं, पण त्या वेळी सगळं शिकून घेऊन. तेच आता तुला सांगते.

पहिला प्रश्न स्वतःला

नाक टोचायचंय ते कुणाला? तुला, की तुझ्या मैत्रिणीला, की आजीला? वर्गातल्या चौघींनी टोचलं म्हणून पाचवीनं टोचलंच पाहिजे असं काही नाही. तसंच 'मुलीचं नाक टोचलेलंच हवं' असं कुणी म्हटलं आणि तुझं मन नसेल, तर 'मला नको' असं शांतपणे सांगायला तुझी काहीच हरकत नसावी. नाक तुझं आहे.

'पूर्वापार चालत आलंय' हे कारण तर फार जपून वापरावं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात काम केलेले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी नथ किती जुनी आहे याचा कसून शोध घेतला होता. आपल्याकडच्या अगदी जुन्या शिल्पांत स्त्रियांच्या अंगावर नाना दागिने दिसतात, नाकात मात्र काही दिसत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या राण्यांच्या नाकातही नथ नाही. नाकातला दागिना आपल्याकडे नंतर आला, रुळला आणि आपलाच झाला. म्हणजे एके काळी तीही नवी फॅशनच होती की!

डावी बाजू की उजवी? महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. दक्षिणेत अनेक ठिकाणी उजव्या बाजूला टोचतात. गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या तर दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्यांच्या चमक्या असत. डाव्या बाजूला टोचलं की पुढे बाळंतपण सोपं जातं, असं तुला कुणीतरी सांगेल. त्याला शास्त्रीय पुरावा नाही. जी बाजू तुला आवडेल ती तुझी.

आणि मुलग्यांनो, पान उलटू नका! आधीची मुलं दगावली की नंतरच्या मुलाचं नाक टोचून त्याचं नाव नथू ठेवायची रीत आपल्याकडे होती. दृष्ट लागू नये म्हणून. तेव्हा नाक टोचणं हे फक्त मुलींचं काम नाही, आणि पुढे सांगितलेली काळजी तर दोघांनाही तेवढीच लागू आहे.

मन अजून हो-नाही करत असेल तर सोपा उपाय आहे. दाबाची चमकी किंवा दाबाची नथ मिळते. तिला भोक लागत नाही. महिनाभर अधूनमधून लावून बघ. महिन्यानंतरही तितकीच आवडली तर पुढे वाच.

घरी सांगायचं कसं?

'आई नाहीच म्हणणार, मग सांगू कशाला? जत्रेत टोचून घेऊ, नाहीतर मैत्रीण सुईनं टोचून देईल.' हा विचार डोक्यात आला असेल तर तो इथेच सोडून दे. त्याचं कारण आई रागावेल हे नाही. चोरून केलेली जखम आपण लपवतो, हे खरं कारण. ती सुजली तरी लपवतो, तिच्यात पू झाला तरी लपवतो, आणि डॉक्टरांकडे जायला उशीर होतो. साधी गोळी घेऊन बरं झालं असतं ते दुखणं अंगावर काढून वाढतं.

शिवाय तू अठरा वर्षांची झालेली नसलीस, तर कुठलाही शहाणा टोचणारा तुझ्याबरोबर आई किंवा बाबा आहेत का, हे आधी बघेल. जो 'काही हरकत नाही, बस इथे' म्हणेल, त्याच्यापासून लांबच राहिलेलं बरं.

तेव्हा सरळ विषय काढ. 'मला नाक टोचायचंय. कुठे टोचणार, काय घालणार, काळजी कशी घेणार हे मी बघून ठेवलंय. तुम्ही बरोबर याल का?' असं विचारलंस तर निम्मी लढाई तिथेच जिंकलीस. शाळेत चमकी चालते का, हेही आधीच विचारून घे. नाहीतर ताजी टोचलेली चमकी शाळेच्या फाटकावर काढायला लावतील आणि संध्याकाळपर्यंत भोक बुजायला लागेल.

तरीही घरून नकार आला तर? वाईट वाटेल, पण नाक कुठे पळून जात नाही. कारण विचार. परीक्षा हे कारण असेल तर सुट्टीत पुन्हा विचार. दोन वर्षांनी टोचलेलं नाकसुद्धा तेवढंच छान दिसतं.

कान सोनारानंच टोचावे, पण कसे?

आपल्याकडे म्हणच आहे, कान सोनारानंच टोचावे लागतात. ज्याचं काम त्यानंच करावं, हा तिचा अर्थ, आणि तो आजही खरा आहे. आता सोनाराबरोबर कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जनही नाक टोचून देतात. मोठ्या शहरांत फक्त टोचण्याचंच काम करणारे लोकही आहेत. कुणाकडेही जा, पण आधी एकदा नुसतं बघून ये आणि हे विचार:

सुई नवी, बंद पाकिटातली आहे का आणि ती माझ्यासमोर उघडणार का? तुम्ही हात धुऊन नवे हातमोजे घालणार का? बाकीची हत्यारं कशानं निर्जंतुक करता?

या शेवटच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे 'ऑटोक्लेव्ह'. हा म्हणजे दवाखान्यातला मोठा प्रेशर कुकरच. त्यात वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सियस तापमानात हत्यारं पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. साध्या उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंशांपाशी थांबतं, आणि काही चिवट जंतूंची बीजं त्यात टिकून राहतात. सुई ज्योतीवर धरून काळी करणं किंवा बाहीला पुसणं, याला तर निर्जंतुक करणं म्हणतच नाहीत.

एवढी चौकशी कशासाठी? एकाच्या रक्तातले विषाणू त्याच सुईवरून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही असे पसरतात. हेपटायटिस बी हा यकृताला घातक विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या अदृश्य थेंबातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्याच्यावर लस आहे; हेपटायटिस सी वर अजून नाही. तेव्हा तुझं लसीकरणाचं कार्ड शोधून बघ. हेपटायटिस बी ची लस झाली आहे का? धनुर्वातासाठी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची टीडीची लस घेतलीस का? राहिली असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचार.

आणखी एक. काही दुकानांत पिस्तुलासारखं यंत्र असतं. खटका दाबला की त्यातला दागिना स्प्रिंगच्या जोरानं आरपार जातो. कानाच्या पाळीला लोक ते वापरतात, पण नाकाला नकोच. पोकळ सुईचं टोक कातडी कापत जातं. यंत्रातला दागिना त्या मानानं बोथट असतो, तो पेशी चेंगरत जातो. त्यातून प्लास्टिकचं यंत्र असेल तर ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही, ते वितळेल.

सुश्रुतसंहितेत लहान बाळाचे कान कसे टोचावेत याचं वर्णन आहे. त्यात सांगितलंय की पाळी डाव्या हातानं ताणून धरावी, सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसतो ती जागा हेरावी आणि तिथे सरळ, सावकाश टोचावं. जागा चुकली तर रक्तस्राव आणि वेदना होतात, असा इशाराही आहे. घाई नको आणि जागा अचूक हवी, हे तेव्हाही ठाऊक होतं!

घालायचं काय?

पहिला दागिना साधा, हलका आणि गुळगुळीत हवा. त्याला कंगोरे, लोंबते मोती, जाळी काही नको. नथीला अजून वेळ आहे!

धातू कोणता, हे फार महत्त्वाचं. मुलामा दिलेल्या स्वस्त दागिन्यांत बरेचदा निकेल असतं आणि पुष्कळांच्या त्वचेला ते सोसत नाही. जागा खाजते, लाल होते, पाणी सुटतं. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. मग घड्याळाचा पट्टा नि जीन्सचं बटणसुद्धा त्रास देतं. टोचलेल्या भोकांतून ही ॲलर्जी इतकी पसरत होती की युरोपीय संघानं १९९४ साली दागिन्यांतल्या निकेलवर कायद्यानं बंधन घातलं. तेव्हा पहिली चमकी किंवा तार चांगल्या सोन्याची घे, नाहीतर शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमची. चांदी नको. ती काळी पडते आणि ताज्या जखमेला बरी नाही. चमकीचं वजन ग्रॅमभरसुद्धा नसतं आणि दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून सराफ ओळखीचा असावा आणि पावती घ्यावी.

मुहूर्त कोणता?

पंचांग बघ हवं तर, पण त्याआधी शाळेचं वेळापत्रक बघ. पुढच्या चार-सहा महिन्यांत काय काय आहे? कबड्डीचे सामने? पोहण्याचा वर्ग? रंगपंचमी? ताज्या जखमेत रंग जाणं फार वाईट. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर तर नकोच नको. डोक्याला एक व्याप पुरे! सर्दी झाली असेल, नाकावर पुळी असेल, ताप असेल, तर ते बरं होऊ दे. आणि कुणाचं लग्न आठ दिवसांवर आलं असेल तर माझे फोटो आठव.

तुला मधुमेह असेल, रक्त लवकर थांबत नसेल, हृदयाचा काही आजार असेल, किंवा तुझ्या घरात कुणाच्या जखमेचे वण फुगून मोठे होत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

तो एक क्षण

पोटभर नाश्ता करून जा. उपाशी पोटी भीतीनं चक्कर येते. टोचण्याआधी नाकावर पेनानं ठिपका काढतील. आरशात नीट बघ. वर, खाली, पुढे, मागे, कुठे हवाय ते सांग. तिनदा बदलायला लावलास तरी लाजू नकोस. ठिपका पुसता येतो, भोक नाही.

मग एक खोल श्वास. सुई जाताना चिमटा काढल्यासारखं आणि मग झणझणल्यासारखं होईल. डोळ्यांतून पाणी येईल, कदाचित शिंकही येईल. पाणी आलं म्हणजे तू रडलीस असं मुळीच नाही हं. नाकाच्या नसा आणि डोळ्यांतलं पाणी यांचं साटंलोटंच असतं. थेंबभर रक्त आलं तरी घाबरू नकोस.

झालं! आता खरं काम सुरू.

घाटातला बोगदा

टोचलेली जागा बरी कशी होते, ते सांगते. घाटात बोगदा खणतात ना, तसं तुझ्या नाकपुडीत एक चिमुकला बोगदा खणला गेलाय. आता शरीर त्याला आतून नव्या कातडीचं अस्तर लावतं. हे काम दोन्ही तोंडांकडून सुरू होतं, नाकाच्या बाहेरून आणि आतून, आणि सगळ्यात शेवटी बोगद्याचा मधला भाग पुरा होतो. म्हणून बाहेरून सगळं छान दिसत असतं, दुखतही नसतं, पण आत अजून ओली जखम असते. तिथेच सगळ्या फसतात. 'झालं बरं!' म्हणून चमकी बदलायला जातात आणि नवं अस्तर फाटतं.

कानाची मऊ पाळी साधारण दीड-दोन महिन्यांत बरी होते. नाकाला चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. नाकपुडी सतत हलते, आतून ओली असते, आणि जरा वर टोचलं तर कूर्चा लागते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला आजूबाजूकडून झिरपेल तेवढंच पोषण मिळतं. त्यामुळे ती बरी व्हायला वेळ लागतो.

पहिले काही दिवस थोडी सूज, लाली, ठणका हे सगळं नेहमीचंच. भोकाच्या कडेला पांढुरकं-पिवळसर पाणी येऊन वाळतं, त्याची बारीक खपली होते. तो पू नव्हे. शरीराच्या दुरुस्ती खात्याचा तो कचरा आहे असं समज!

रोजचं पाच मिनिटांचं काम

सगळ्यात आधी साबणानं हात धू. नखांच्या आतूनही. ही एकच गोष्ट नीट केलीस तर अर्धा त्रास टळतो.

मग मिठाचं पाणी. औषधाच्या दुकानात 'नॉर्मल सलाइन' मिळतं, ते उत्तम. त्यात एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे आपल्या शरीरातल्या पाण्याइतकंच ते खारट असतं, म्हणून झोंबत नाही. ते मिळालं नाही तर कपभर पाणी उकळून घे, त्यात चहाचा पाव चमचा मीठ विरघळव आणि कोमट होऊ दे. रोज ताजं कर. जास्त मीठ घातलं म्हणजे जास्त स्वच्छ होईल असं वाटेल, पण उलट जास्त खारट पाणी जखमेतलं पाणी शोषून तिला कोरडी पाडतं.

स्वच्छ गॉजचा तुकडा त्यात भिजवून दोन-तीन मिनिटं चमकीवर हलकेच धर. खपली मऊ झाली की अलगद पुसून घे. नाकपुडीच्या आतल्या बाजूनंही असंच कर. कापूस वापरू नकोस, त्याचे तंतू अडकतात. मग कोरड्या गॉजनं टिपून घे. सकाळ-संध्याकाळ दोनदा, बस्स. दहादा धुतलं तर ती जागा बिचारी वैतागेल.

आता 'करू नये'ची यादी. खपली नखानं काढू नये. चमकी गोल गोल फिरवू नये. जेवणानंतर, अभ्यास करताना, टीव्ही बघताना सहज हात नाकाकडे जातो, तो जाऊ देऊ नये. पावडर, क्रीम, अत्तर तिथे लावू नये. विहीर, नदी, समुद्र, पोहण्याचा तलाव, जखम भरेपर्यंत सगळं बंद. सर्दी झाली तर नाक जोरात शिंकरू नये. हलक्या हातानं, टोचलेली बाजू सांभाळून शिंकरावं. उशीची खोळ धुतलेली असावी आणि त्या कुशीवर झोपू नये.

आणि टॉवेल! नव्या चमकीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे टॉवेलचा धागा. घाईघाईनं तोंड पुसलं, धागा अडकला आणि... पुढचं सांगत नाही. तोंड टिपायचं, घासायचं नाही. डोक्यातून कपडे घालताना-काढतानाही तसंच सांभाळ.

आजीला काय सांगायचं?

तू गॉज नि मिठाचं पाणी घेऊन बसलीस की आजी येईलच. 'अगं, हळद-तेल लाव. कडुलिंबाची काडी घाल. आणि रोज तार फिरव, नाहीतर ती चिकटेल!' तिच्या काळी औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर नव्हतं. घरात जे होतं त्यातून तिनं जखमा बऱ्या केल्या. तिला हसू नकोस. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण भोकात अडकून बसतात. तेलानं भोकाचं तोंड बंद होतं, धूळ चिकटते. तार फिरवली की बोगद्याचं नवं अस्तर खरवडलं जातं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डोळ्यांत पाणी आणणारी कडक जंतुनाशकंही नकोत. ती जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात.

तर आजीला बोगद्याची गोष्ट सांग. आणि तिचं नाक कधी, कुणी, कसं टोचलं ते विचार. तुम्हा दोघींची एक दुपार मजेत जाईल.

काही बिघडलं तर

रोज आरशात बघताना हे ओळखता आलं पाहिजे. सूज आणि लाली कमी होण्याऐवजी वाढतेय, जागा गरम लागतेय, ठसठसतेय, दाट हिरवट-पिवळा दुर्गंधी पू येतोय, अंगात ताप आहे, चमकी आत रुतत चाललीय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी घरी सांग आणि डॉक्टरांकडे जा.

दोन गोष्टी मात्र चुकूनही करू नकोस. पहिली, पू पिळून काढणं. नाकाभोवतालच्या शिरांचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी येतो. क्वचितच, पण इथला संसर्ग आत पोचू शकतो. दुसरी, घाबरून चमकी काढून टाकणं. चमकी निघाली की भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची, ते डॉक्टर ठरवतील.

कधी कधी भोकाच्या कडेला बारीक लाल पुळी येते. ती बहुधा सारखा हात लावल्यानं किंवा चमकी घासल्यानं येते. हात लावणं थांबवलं की बरेचदा जाते, नाही गेली तर डॉक्टरांना दाखव. पण काही महिन्यांनी टणक, चकचकीत गाठ आली आणि ती जखमेच्या बाहेर पसरत वाढू लागली, तर ती केलॉइड असू शकते. सावळ्या त्वचेत आणि तुझ्या वयात ती व्हायचा संभव जास्त असतो, आणि बरेचदा ती घराण्यातून येते. तिच्यावर उपचार आहेत, पण लवकर गेलं तर बरं.

आणि भुवई, ओठ, जीभ? काहींना तेही टोचायचं असतं. ओठातला आणि जिभेतला दागिना दातांवर सारखा आपटतो, त्यानं दाताचे टवके उडतात, हिरड्या मागे सरकतात. भुवईतला दागिना अडकून ओढला जातो, वण राहतो. पहिल्यांदाच टोचणार असशील तर नाकावरच समाधान मान. इथेच इतका अभ्यास आहे!

सहा महिन्यांनंतर

रोज पाच मिनिटं काळजी घेतलीस, टॉवेल सांभाळलास, हात आवरलास, तर एक दिवस तुझ्या लक्षात येईल की नाकात काहीतरी आहे हेच तू विसरली आहेस. खपली नाही, दुखणं नाही, पाणी नाही. तेव्हा खुशाल चमकी बदल, पण पहिल्यांदा बदलताना ज्यांनी टोचलं त्यांच्याकडूनच बदलून घे. नथही घाल, पण हलकी, आणि समारंभापुरती. जड नथ रोज लोंबली तर भोक ओघळतं.

माझ्या नाकात आता बारीक चमकी आहे. तिच्या शेजारी, जरा वर, आठवीतल्या घाईची ती जुनी खूणही आहे. मैत्रिणी विचारतात, 'हे काय गं?' मी म्हणते, 'हे आठ दिवस.' मग चमकीवर बोट ठेवते (हात धुऊन हं!) आणि म्हणते, 'आणि हे सहा महिने.'

तुझ्या नाकावर यातलं काय असावं, ते आता तूच ठरव. की अजून काही दिवस टिकलीच बरी?